गळ्यात पाटी नसलेला बडग्या

देवाजी बडग्या बांधायला बसला की सगळ्यात आधी पाटी लिहायचा. बांबू चिरायच्या आधी, कागद आणायच्या आधी, पुठ्ठ्याचा चौकोन कापून त्यावर लाल रंगाने मोठी अक्षरे काढायचा. महागाईचा बडग्या, डेंग्यूचा बडग्या, त्या वर्षी जे पीडत असेल त्याचा. पाटी वाळेपर्यंत भिंतीला टेकवून ठेवायची, तिच्याकडे पाहत एक बिडी ओढायची आणि मग कामट्या हातात घ्यायच्या. चाळीस वर्षे असेच चालले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी मारबत निघते, काळी मारबत निघते, या दोन स्त्री-पुतळ्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बांबू-कागदाचे बडगे नाचत जातात आणि लोकांची वर्षभराची पीडा घेऊन शिवेबाहेर जळतात. त्या गर्दीत देवाजीचा बडग्या दुरून ओळखू येई. आपले अक्षर वळणदार आहे म्हणून लोक ओळखतात, अशी त्याची समजूत होती.

तो मूळचा काटोलकडचा, बुरुडाच्या घरातला. संत्र्याच्या हंगामात बाप आणि दोन काका अंगणात टोपल्या विणत, आणि लहानगा देवाजी प्रत्येक टोपलीच्या तळाशी जुनी वर्तमानपत्रे अंथरी. शाळा चौथीत सुटली, वाचणे सुटले नाही. बातमीचा वरचा भाग एका टोपलीत जाई, खालचा दुसऱ्या टोपलीत, आणि मधले फाटून गेलेले तो मनाने रचून घेई. गोष्टी करायची खोड त्याला तिथे लागली. लग्न झाल्यावर तो नागपूरला आला, मस्कासाथच्या मागच्या एका बोळात दोन खोल्यांत राहू लागला आणि कळमन्याच्या बाजारासाठी टोपल्या विणू लागला. पुढे प्लॅस्टिकचे क्रेट आले. मग सुपे, परड्या, लग्नातल्या टोपल्या, जे कोणी मागेल ते. बायको गेली तेव्हा मुलगी गोपिका अकरावीत होती. साठी उलटल्यावर देवाजीने दोनशे पानी वही आणली आणि ज्या हाताने कामट्या ओढल्या त्याच हाताने गोष्टी लिहायला घेतल्या. कोणी शिकवले नाही, आणि हे तो कोणालाही आपणहून सांगे.

गोपिका आता एकोणचाळीस वर्षांची. मौद्याला लग्न करून दिले होते, दीड वर्षाने परत आली. का आली ते तिने सांगितले नाही, त्याने विचारले नाही. ती शहर बसवर कंडक्टर आहे. पारडी ते बर्डी, पहाटे पाच वाजता घर सोडते, दुपारी अडीचला परतते. आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूस सुट्टे पैसे काढून बसतो. घरी आली की पायातल्या चपला काढता काढता ती विचारी, "आज काय लिहिलं, बाबा?" हा प्रश्न देवाजीच्या दिवसाचा मधला खांब होता. सकाळभर तो त्यासाठी लिही. तिला आवडले तर ती शेवटच्या स्टॉपवर गाडी थांबलेली असताना दोन अंगठ्यांनी मोबाइलवर ते टाइप करी. अशा अकरा गोष्टी झाल्या होत्या. त्यांतल्या दोन गोष्टी वाचनालयाच्या दिवाळी अंकात आल्या होत्या, आणि त्या अंकांना देवाजीने वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याने बावीस पानांची गोष्ट लिहिली. बडग्यासारखीच, आधी पाटी. पहिल्या पानावर लाल पेनने नाव काढले, 'त्यागमूर्ती नंदिनी', खाली दोन रेघा मारल्या आणि मग सुरुवात केली. नंदिनीचा बाप नळाजवळ पाय घसरून पडतो, खुब्याचे हाड मोडते. नंदिनी चार वाजता उठते. नंदिनीला राग येत नाही. नंदिनीला थकवा येत नाही. चांगले स्थळ चालून येते, ती हसून नाही म्हणते. बाप खाटेवर शांत पडून असतो, त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता असते.

वाचनालयाच्या वंदनाताईंना त्याने ती वाचून दाखवली. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अशी मुलगी घरोघरी असावी हो, देवाजी," त्या म्हणाल्या. "मारबतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत टाइप करून पाठवा. अंकात पहिली हीच घेते."

देवाजी काठी टेकत घरी आला तो नेहमीपेक्षा उंच होऊन आला. गोपिकाला वही दिली. तिने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, मग पाण्याच्या टाकीवर बसली. नवव्या पानावर थांबली.

"बाबा, ही कोण होय?"

"नंदिनी."

"ते दिसून राहिलं मले. कोण होय ते विचारलं."

"एक पोरगी. मनातली."

"मनातली म्हणे. बाप नळाजवळ पडला, खुबा मोडला, पोरगी बसवर कंडक्टर. सारं मनातलंच."

देवाजी हसला. "तुह्यावरच हाय समज. चांगलंच तं लिवलं नं वं."

गोपिकाने पानावर बोट ठेवून वाचले, "बापाचे अंथरूण धुताना नंदिनीच्या चेहऱ्यावर मंद हास्य होते." मग मान वर केली. "मी हासून राहिली होती?"

"गोष्टीत तसं लिवा लागते."

"कोणं सांगतलं?"

देवाजी म्हणाला, "वंदनाताईच्या डोयाले पाणी आलं."

"वंदनाताईनं तुमची चादर धुतली का?" तिने वही मिटली, त्याच्या मांडीवर ठेवली. "मी हे टाइप नाई करत. दुसरं कोणतंही द्या. हे नाई. अन् तुमाले अशी पोट्टी पाह्यजे होती तं आधी सांगाचं होतं."

हे ती ओरडून म्हणाली असती तर देवाजीला सोपे गेले असते. ती हळू म्हणाली.

बोळाच्या तोंडाशी झेरॉक्सवाला होता, तो टाइप करून देई. देवाजी दोनदा तिथपर्यंत जाऊन परत आला. प्रश्न टाइपचा राहिला नव्हता. गोपिका दुपारी घरी येई, चपला काढी, चहा ठेवी, कप त्याच्यासमोर आणून ठेवी आणि काही विचारत नसे. आठ दिवस झाले, दहा झाले. देवाजी सकाळी वही उघडून बसे, पण दुपारी विचारणारे कोणी नाही म्हटल्यावर पेन जड होई. त्याला कळत होते की गोष्ट अंकात पहिली आली आणि घरातून हा प्रश्न कायमचा गेला, तर सौदा फार वाईट आहे. पण ती का चिडली ते मात्र त्याला उलगडत नव्हते. त्याने तिला देवी केले होते. देवी केल्यावर कोणी चिडते काय?

पोळ्याला आठवडा उरला तेव्हा बोळातल्या मंडळाचा अंकुश आला. तिशीतला, दुचाकी दुरुस्तीचे दुकान असलेला, बोलताना हातातला पाना फिरवणारा.

"काका, यंदा रस्ता अडवणाऱ्याचा बडग्या. जिकडं पाहा तिकडं गाड्या मधातच लावून राहिले लोक. अन् पाटी अशी लिहा का चष्मा विसरून आलेल्यालेही वाचता आली पाह्यजे."

"पाटीचं तू नको सांगू मले," देवाजी म्हणाला.

पाटी एका दुपारी झाली. सांगाडा दोन दिवसांत झाला. बांबू चांगला निघाला, सरळ पेराचा. देवाजीने मोठे पोट बांधले, भाताचे तणस भरले, वर कागद चिकटवला, लाल डोळे काढले, बाहेर आलेले दात काढले. सहा फुटी बडग्या बोळात भिंतीला टेकून उभा राहिला आणि देवाजीने त्याच्या गळ्यात पाटी अडकवली. अंकुशने मोबाइलवर फोटो काढला.

"भारी झाला, काका."

गोपिका उंबऱ्यात बसून पोहे खात होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आपणहून बोलली, तेही अंकुशशी.

"हा कोण होय रे?"

"वाचता येत नाई का, ताई?"

तिने ताटली खाली ठेवली, उठली, बडग्याच्या गळ्यातली पाटी काढली आणि अक्षरे भिंतीकडे करून ठेवून दिली. "आता सांग."

अंकुशने बडग्याकडे पाहिले, डोके खाजवले. "दारुड्या?"

तेवढ्यात समोरून कांताबाई पाण्याची कळशी घेऊन चालली होती. बोळातली जुनी बाई, देवाजीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ती थांबली आणि म्हणाली, "काहून गा देवाजी, मागच्या वर्षीचाच उभा केला काय? जाळला नव्हता का त्याले?"

अंकुश हसत सुटला. देवाजीला हसू आले नाही. त्याने मागच्या वर्षीचा आठवून पाहिला, त्याच्या मागच्या वर्षीचाही. पोट, डोळे, दात. पाटी तेवढी दरसाल नवी.

"दूधवाल्याचा आठवते का, बाबा?" गोपिका म्हणाली. "मी तिसरीत होती."

आठवत होता. त्या वर्षी खोट्या मापाचा बडग्या केला होता. बोळात ऋषी नावाचा गवळी दूध घाली. मापात अंगठा बुडवून दूध मोजायची त्याची सवय, म्हणजे प्रत्येक मापाला अंगठ्याएवढे दूध कमी. देवाजीने बडग्याच्या हातात पत्र्याचे माप दिले होते आणि आतमध्ये चांगला गाजराएवढा अंगठा बुडवला होता. शिवाय ऋषी लहान लेकरू असलेल्या घरी शेवटी एक धार फुकट सोडी, ती सोडताना मान तिरपी करी, म्हणून बडग्याची मानही तिरपी बांधली होती. इतवारीच्या गर्दीत रेटारेटीत पाटीची दोरी तुटली आणि पाटी पायाखाली गेली. लहान गोपिका रडायला लागली, कारण दोरी तिने बांधली होती. आणि तेव्हाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हशा उठला होता. अंगठावाला आला, अंगठावाला. खुद्द ऋषी गर्दीत उभा होता. दुसऱ्या दिवशी दूध घालताना तो एवढेच म्हणाला, "बाकी जमलं देवाजी, मिशी माही एवढी पातळ नाई." त्यानंतर महिनाभर तो अंगठा बाहेर ठेवून मोजत होता.

पाटी नव्हती तरी लोकांनी ओळखला. तीस वर्षे देवाजीने ही गोष्ट पाटीच्या दोरीची म्हणून सांगितली होती, की दोरी नेहमी दुहेरी बांधावी.

"मंग याले काय करू म्हंते?" त्याने भिंतीला टेकलेल्या बडग्याकडे हात केला.

गोपिकाने ताटली पुन्हा हातात घेतली. "पारडीच्या चौकात एक रोज भेटते मले. गाडी मधात उभी. एक पाय खाली, एक वर. हेल्मेट डोक्यात नाई, कोपरात. बस आली का बोटं वर करते, 'दोन मिनिट हं ताई.' अन् त्याचा सुपारी-तंबाखूचा खर्रा घासून होईपर्यंत चाळीस माणसं गाडीत उकडून राहिले." तिने पोह्यांचा एक घास घेतला. "वाईट नाई तसा. एक दिवस माह्या गाडीतल्या म्हातारीले हात देऊन उतरवलं त्यानं. गाडी मधातच होती, तेव्हाही."

देवाजीने कोयता उचलला आणि बडग्याचे पोट कापून टाकले. अंकुश अरे अरे म्हणत राहिला. संध्याकाळपर्यंत एक पाय वर गेला, कोपरात अंकुशच्या दुकानातले फुटके हेल्मेट आले, दात तोंडात गेले आणि तिथे एक ओशाळे, मनमिळाऊ हसू आले. उजव्या हाताची दोन बोटे वर. कांताबाई परत जाताना थांबली आणि म्हणाली, "हा तं आमचा जावई होय."

दुसऱ्या दिवशी पहाटे गोपिका कामावर गेली, आणि देवाजी वही घेऊन दाराशी बसला. लाल पेनने लिहिलेले नाव त्याने आधी खोडले. मग एकेक पान घेऊन, बडग्याच्या गळ्यातून काढावी तशी, पाटी काढत गेला. सोशिक खोडले. गुणी खोडले. प्रेमळ, समंजस, निर्मळ मनाची, मंद हास्य, सगळे खोडले. बावीस पाने संपायला ऊन उंबऱ्यावर आले. मग त्याने काय उरले ते वाचले. एक बाई चार वाजता उठत होती, चहा करत होती, चादर धुत होती. ती कोणीही असू शकत होती. तिच्या जागी मौद्याची किंवा सावनेरची कोणतीही बाई उभी केली असती तरी एक ओळ बदलावी लागली नसती. तिच्यात तणस भरले होते, आणि तणसाला राग येत नाही, थकवा येत नाही.

गोपिका मात्र थकत होती. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडून तो खाटेवर पडला होता, ते सहा आठवडे त्याला दिवसागणिक आठवत होते. ती खर्रा खाई, त्याला कळू नये म्हणून प्लॅस्टिकची पन्नी तुळशीच्या कुंडीमागे दडवी, आणि तो पुन्हा चालू लागल्यापासून त्या पन्न्या गुपचूप उचलून फेकत आला होता. आणि ती एक दुपार होती. त्या दुपारी त्याचे अंथरूण तिसऱ्यांदा ओले झाले. गोपिकाने बादली आपटली. "मले होत नाई आता, बाबा. मराचं असन तं मरा," म्हणाली आणि बाहेरून कडी लावून निघून गेली. तीन तासांनी परतली. हातात कागदाच्या पुडीत गरम आलुबोंडे होते. दोन तिने आधी स्वतः खाल्ले, उभ्यानेच, भिंतीकडे पाहत. मग पाणी तापवायला ठेवले. त्या तीन तासांत ती कुठे होती हे देवाजीला पुढे दोन महिन्यांनी कळले, तिच्या गाडीचा ड्रायव्हर रविंद्र भेटायला आला तेव्हा. सुट्टीच्या दिवशी ती तिकीट काढून आपल्याच बसमध्ये खिडकीशी बसली होती. पारडी ते बर्डी, बर्डी ते पारडी, दोन चकरा. कोणाशी बोलली नाही.

हे सगळे लिहायचे म्हणून त्याने पेन उघडले आणि पहिल्या ओळीतच अडखळला. ती चिडली, असे लिहिले. का चिडली? अंथरूण तर त्याआधीही ओले होत होते. त्या दुपारचे कारण वेगळे होते, आणि ते देवाजीने दोन वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. वरणात मीठ नव्हते म्हणून त्याने ताट फेकले होते. वरण तिच्या इस्त्री करून ठेवलेल्या युनिफॉर्मवर उडाले होते. वर तो म्हणाला होता, तुझी माय असती तर असे पाणी वाढले नसते. डॉक्टरने उशाशी भांडे ठेवायला सांगितले होते, ते तो हट्टाने वापरत नसे. पुरुषाने खाटेवर काय भांडे घ्यायचे, म्हणून दर वेळी तिलाच हाक.

त्याच्या गोष्टीतला बाप मात्र शांत पडून होता, डोळ्यांत कृतज्ञता घेऊन.

एका गोष्टीत देवाजीने दोन बडगे बांधले होते आणि एकाची पाटी त्याला आतापर्यंत दिसलीच नव्हती. बापाला देवमाणूस ठेवायचा असेल तर पोरीला राग येऊ देता येत नाही. तिला राग आला की वाचणारा विचारणार, कशाचा. म्हणून तिला हसत ठेवले होते. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

पाच दिवस त्याने लिहिले. बाप लिहायला जड गेला, नंदिनी सोपी गेली. ताट फेकल्यावर ते गोल फिरत दारापर्यंत गेले होते, ते आठवून लिहिले. स्थळ चालून येते तो भाग काढून टाकला, कारण तसे कोणतेही स्थळ आले नव्हते. बावीस पानांची बारा झाली.

मारबतीच्या दिवशी देवाजी काठी घेऊन मस्कासाथच्या तोंडाशी उभा राहिला. पिवळी मारबत गेली, लोक 'घेऊन जा गे मारबत' म्हणत तिच्यामागे गेले. मग बडगे आले. अंकुशच्या मंडळाच्या पोरांनी देवाजीचा बडग्या खांद्यावर घेतला होता, एक पाय वर, एक पाय खाली, कोपरात हेल्मेट. गळ्यात काही नाही. अंकुशने दोनदा विचारले होते, निदान लहान पाटी तरी. देवाजी नाही म्हणाला होता. बडग्या दहा पावले गेला तरी कोणी ओळखल्याचे दिसेना. मग कुठल्याशा गच्चीवरून एका बाईचा आवाज आला, "दोन मिनिट हं ताई," आणि साऱ्या रस्त्यावर दोन दोन बोटे वर झाली. पानठेल्यापाशी गाडी आडवी लावून उभा असलेला एक जण हळूच गाडी ढकलत बाजूला नेताना देवाजीने पाहिला.

मिरवणुकीमुळे बसचा रस्ता बदलला होता. गोपिका तीन वाजता आली. देवाजीने वही टाकीवर ठेवून दिली होती. तिने चपला काढल्या, वहीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि उघडली. देवाजी सुपाची कड बांधत बसला. एक कड त्याने तीनदा बांधली.

ती शेवटच्या पानापर्यंत वाचत गेली. मग मागे आली, एक पान पुन्हा वाचले.

"चार चकरा होत्या," ती म्हणाली. "दोन नाई. त्या रविंद्रले मोजताही येत नाई."

"चार करतो."

"अन् हे खर्र्याचं." तिने ते पान वर धरले. देवाजीने सुपावरून डोळे काढले नाहीत. "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"किती दिवसापासून?"

"काढू का ते?"

तिने विचार केला. "राहू द्या. पण कुंडीमागे नका ठेवू. कांताबाई वाचते तुमचा अंक. तिकडं कुठी शिलाई मशीनमध्ये ठेवा."

"नंदिनीजवळ शिलाई मशीन नाई."

"मंग द्या तिले एक."

देवाजीने मान हलवली. गोपिकाने वही मांडीवर धरली होती, आणि तिचे बोट एका ओळीवर होते. ताटाची ओळ होती ती. त्याने दुरूनही ओळखली.

"हे तुम्ही लिहिलं," ती म्हणाली. चहा ठेवायला उठली, दोन कप आणले, एक त्याच्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "वंदनाताईच्या डोयाले आता नाई येणार पाणी."

"नाई येईन. पहिल्या पानावर तं घेतच नाई ते आता. मधात कुठी टाकंन."

"घेतलं तं."

"घेतलं तं."

तिने मोबाइल काढला, भिंतीला पाठ लावून बसली, वही गुडघ्यावर उभी केली. दोन्ही अंगठे वर धरून तिने पहिल्या पानाकडे पाहिले. वरची जागा मोकळी होती. लाल शाईचे खोडलेले तेवढे दिसत होते.

"वर काय नाव टाकू, बाबा?"

"आता काही नको टाकू," देवाजी म्हणाला. "आधी सारं लिहून तं होऊ दे."